हातभर चुडा

लालीबाईने आपली पिशवी नायकाच्या ओट्यावर ठेवली, वर लसीकरणाचे रजिस्टर ठेवले आणि म्हणाली, “घ्या, नायकबाबा. शब्द देल्ला होता, आज काम सोडून राह्यली.”

बंजारा तांड्याचा प्रमुख धनसिंग नायक उन्हात खाटेवर बसला होता. त्याने रजिस्टरकडे पाहिलेसुद्धा नाही.

लस आली तेव्हा राळेगावच्या दवाखान्याची गाडी दिसताच निम्मा तांडा तुरीच्या शेतात पळाला होता. तेव्हा याच ओट्यावर आशा सेविका लालीबाई छातीठोकपणे म्हणाली होती, “लस घेतली का कोरोना शिवतच नाही. शिवला तं मी काम सोडीन!” नायकाने दोन्ही डोस घेतले. आणि या जानेवारीत कोरोना झाला तो नायकालाच! मग काय, लोकांना आयतेच सापडले. पाणवठ्यावर बायका तिला पाहून तोंडाला पदर लावून हसू लागल्या. अकरा वर्षे तांड्यातली एकेक बाळंतीण तिने दवाखान्यात नेली होती. आता तेच काम सोडायचे होते.

“खोटी तं पडलीच तू,” नायक म्हणाला. “पण पाच दिवस तापलो अन् घरीच उठून बसलो. देवसिंग उठला का?”

देवसिंग त्याचा धाकटा भाऊ. तो त्याच आठवड्यात आजारी पडला होता. त्याला यवतमाळला नेले, तो परत आलाच नाही. त्याने लस घेतली नव्हती. त्याची बायको बिजलीबाई खांद्यापर्यंत चुडा भरायची. सुईसाठी दंडावरचा चुडा उतरवायला ती तयार नव्हती. नवरा जिवंत असताना कोणती बाई उतरवेल? आणि देवसिंग हसून म्हणाला होता, “बिजली नाही घेत तं मीबी नाही घेत.” असे वेडे प्रेम होते त्याचे.

“नायकासमोर खोटी पडली, तं शिक्षा होईन,” नायक म्हणाला. “घरोघर जायचं. मी वाढवून बोलली म्हनून सांगायचं. अन् खरं हाय तेवढंच सांगायचं. उचल पिशवी. पह्यलं घर बिजलीचं.”

लालीबाईने पिशवी उचलली. आणि ती निघाली.

बिजलीबाई दारातच बसली होती. लालीबाई खाली मान घालून म्हणाली, “काकी, मी चुकीचं बोलली होती. लस घेतली तरी कोरोना होऊ शकते. पण जिवावर बेतायचं लय कमी होते. अन् काही महिन्यांनं तिचा जोर उतरते, मंग पुन्हा घ्या लागते.”

 बिजलीबाईने विचारले, “म्हंजे घेतली असती तं ते वाचले असते?”

हो म्हणणे सोपे होते. एकदा असेच सोपे बोलून ती पस्तावली होती.

“पक्कं नाही सांगत, काकी. पण वाचायचा चान्स लय जास्त होता.”

बिजलीबाईने मान हलवली. मग सावकाश ओढणी मागे सारून डावा हात पुढे केला. दहाव्याला दंडावरचा चुडा उतरवला होता. चाळीस वर्षांत ऊन न लागलेली ती कातडी पोराच्या अंगासारखी गोरी दिसत होती.

“आता सुईला जागा हाय, पोरी,” ती म्हणाली. “कधी येऊ?”