तिसरं कडवं

मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुचिताबाईंना जुन्या कॅसेट स्वच्छ करायचा नाद होता. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची आणि हेडफोन लावून तिच्यातली खरखर काढत बसायचं. हे कळल्यावर जानेफळचे शेषराव एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी आले. रुमालात एकच कॅसेट होती.

"गीताबाईचं गानं हाये, मॅडम. नवरात्रात देवीसमोर गायल्या होत्या, तीस वर्सं झाले. मी समोरच बसलो होतो, टेप मांडीवर घेऊन."

गीताबाई त्यांच्याच गावच्या. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला; आता नुसतं कुजबुजता यायचं. वडिलांनी रचलेलं देवीचं एक भजन त्यांना सुनेला, करिष्माला शिकवायचं होतं. पण तिसरं कडवं काही केल्या आठवेना, आणि ते कुणी लिहूनही ठेवलं नव्हतं.

सुचिताबाईंनी कॅसेट लावली. जनरेटरची घरघर, खोकला, पोरांचा गलका. दोन कडवी कशीबशी ऐकू आली. मग गाणं पळायला लागलं, आवाज बारीक होत गेला, आणि तिसऱ्या कडव्यात तर नुसता चिमण्यांसारखा चिवचिवाट.

"सेल उतरले होते," शेषराव खाली बघत म्हणाले. "नवे खिशातच होते. पन गानं असं रंगलं होतं का टेप बंद करनं जिवावर आलं."

"तेव्हा टेप हळू चालला, म्हणून आता गाणं पळतंय. त्याला मागे ओढता येईल, काका. फक्त त्यांची पट्टी कोणती होती ते कळायला हवं."

शेषरावांनी तिथूनच फोन लावला. करिष्मानं सासूला विचारून सांगितलं, "काळी चार. कधी बदलली नाही म्हनतात."

सुचिताबाईंनी पेटीचा काळी चारचा सूर धरून एकेक ओळ खाली ओढली. घरघर काढली, खोकले पुसले. पंधरा दिवसांनी त्या लॅपटॉप घेऊन जानेफळला गेल्या. गीताबाईंनी डोळे मिटून पहिलं कडवं ऐकलं आणि मान हलवली.

"हे मी नाही," त्या कुजबुजल्या. "माह्या आवाजात खर होती. हे कोनी तरी रेडिओवरची बाई वाटते."

सुचिताबाईंना वाईट वाटलं, पण ते खरं होतं. जनरेटरबरोबर त्यांनी गळ्यातली खरखरही पुसून टाकली होती. घरी येऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी घरघर थोडी राहू दिली.

पुढच्या रविवारी तिसरं कडवं लागलं तेव्हा गीताबाईंचे ओठ हलायला लागले. एका शब्दाला त्या थबकल्या, हसल्या. "बाप इथं 'माय' नाही म्हनत, 'मावली' म्हनते. मी 'माय'च धरून बसली होती; कुठं इसरली होती पहा."

करिष्मानं वही काढून कडवं उतरवून घेतलं आणि पेटी पुढे ओढली. शेषराव दाराशीच बसले. त्यांनी दोनदा उपरण्यानं डोळे पुसले.

पहिल्या खेपेला करिष्माचा सूर घसरला. गीताबाईंनी हात वर करून तिला थांबवलं, तिच्या गुडघ्यावर ठेका धरला आणि म्हणाल्या, "घाई कायची? पुन्हा घे."