भडभड्याचा जळफळाट

मित्रांनो, ‘इंजिन’ या शब्दाचं लिंग तुम्हाला परीक्षेत विचारलं, तर नपुंसकलिंग असंच लिहा. मार्क मिळतील. पण मी स्वतःला ‘तो’ म्हणतो आणि त्याला कारण आहे. घोटीच्या पश्चिमेला डोंगरांत धरणाचं पाणी पसरलेलं आहे. त्या पाण्यापलीकडे करंजवाडी नावाची एक वाडी आहे. त्या वाडीनं माझं नाव भडभड्या ठेवलं, कारण मी चालू झालो की भडभड करतो आणि लवकर थांबत नाही. तर मी एक जुना, पाच हॉर्सपॉवरचा, हँडल मारून सुरू होणारा भडभड्या आहे. बुधा नावाड्याच्या नावेत मागच्या बाजूला, जाड फळ्यांवर मला बसवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी फार जळतो. माझ्या पोटात डिझेल तर जळतंच, पण मी दुसऱ्यांवरही जळतो. मत्सर करू नये, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्यानं ते लिहिलं, त्याची टाकी बहुतेक भरलेली असावी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझा जन्म राजकोटकडच्या एका कारखान्यात झाला, पण उमेदीची पहिली वर्षं मी सायखेड्याला काढली. गोदावरीच्या काठी एका मळ्यात मी पाणी उपसत असे. कांदा, ऊस, टोमॅटो, सगळं माझ्या जिवावर पिकायचं. मग मळ्यात विजेची मोटर आली. केवढीशी ती मोटर! धूर नाही, आवाज नाही, बटण दाबलं की सुरू. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायचा आणि मला त्यानं कोपऱ्यात ढकलून माझ्यावर रिकाम्या गोण्या टाकल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वीज गेली की मला आनंद व्हायचा. वीज रोज जायची, तरीही ब्याण्णव साली मालकानं मला विकून टाकलं.

मला विकत घेतलं ते बुधानं. उंच, काटक आणि कमी बोलणारा माणूस. त्यानं माझ्यासाठी घरचे दोन खोंड विकले. करंजवाडीची माणसं बाजाराला, रेशनला, दवाखान्यात, सगळीकडे त्याच्या नावेतूनच जायची. पाण्याला वळसा घालून पायी जायचं तर अर्धा दिवस मोडतो. बुधाच्या बापानं जन्मभर वल्ही मारली, बुधानंही तोवर तेच केलं होतं. वल्ह्यांना पलीकडे जायला पाऊण तास लागायचा. मी पहिल्याच दिवशी पंधरा मिनिटांत पोचवलं.

काय माझा थाट होता तेव्हा! बुधाच्या बायकोनं, ठमाबाईनं, मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. म्हाताऱ्या माझ्यावरून कडकडा बोटं मोडत. ती दोन सागाची वल्ही नावेच्या तळाशी आडवी टाकलेली होती. त्यांच्यावर लोक पाय ठेवून बसत. मला ते बघून फार बरं वाटे.

आता या वाडीची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळं घडलं. करंजवाडीत नावेचं भाडं नव्हतं. सुगी झाली की दर घरानं नावाड्याला चार पायल्या भात द्यायचा. बुधाच्या बापाच्या वेळी ठरलेलं होतं ते. नावाड्यानं त्यावर काही मागायचं नाही. बाप मरताना बुधाला सांगून गेला होता, “पाणी आडवं आलं म्हनून मानसाला नाडायचं नाय. हात पसरायचा नाय.” वल्ह्यांच्या काळात हे ठीक होतं. वल्ही काय, बुधानं दोन भाकरी खाल्ल्या की चालायची. मला मात्र भात चालत नाही. तो भात घोटीला विकायचा आणि त्यातून माझं डिझेल आणायचं, अशी सोय बुधानं लावली होती.

पहिली चार-पाच वर्षं निभावलं. मग डिझेल वाढायला लागलं. एकदा वाढलं, पुन्हा वाढलं. घोटीच्या पंपावरून बुधा कॅन घेऊन यायचा, तेव्हा त्याचा चेहरा बघून मला भाव कळायचा. भात मात्र तेवढाच राहिला, चार पायल्या.

बुधानं मग एकेक युक्ती काढली आणि प्रत्येक युक्तीत माझी जागा थोडी कमी झाली. आधी नाव भरल्याशिवाय सोडायची नाही, असं ठरलं. मग संध्याकाळची फेरी बंद झाली. मग तो पलीकडच्या काठापासून बऱ्याच अंतरावर मला बंद करू लागला आणि नाव आपल्या वेगानं सरकत काठाला लागू लागली. सगळी मेहनत मी करायची, टाळ्या मात्र पाण्याला! एकदा त्यानं खताच्या गोण्या शिवून शीड केलं. वारा मागून असला की ते फुगायचं आणि लोक म्हणायचे, “वा बुधा, फुकटात चाललो की.” फुकटात हा शब्द ऐकला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पलीकडच्या काठावर घोटीची जीप उभी असायची. तिचा ड्रायव्हर टाकी फुल्ल केल्याचं मोठ्यानं सांगायचा. तिच्यावर मी किती जळलो, ते विचारू नका.

पण खरा घाव पुढेच होता. दोन हजार एक सालच्या पावसाळ्यानंतर बुधानं नावेच्या तळातून ती दोन वल्ही वर काढली. पुसली, पाण्यात बुडवून बघितली आणि मारायला लागला. माझ्यावर एक पोतं टाकलं. ज्यांच्यावर लोक पाय ठेवून बसायचे, ती आता बुधाच्या मुठीत होती. आणि मी, त्याच्या दोन खोंडांचा भडभड्या, पोत्याखाली!

चार वर्षं हे चाललं. कधीमधी कुणी फारच आजारी असलं, तरच माझं पोतं निघायचं. वाडीत नवसाबाई म्हणून एक म्हातारी आहे. बाजारात करवंदं, आवळे, जे असेल ते विकते आणि तोंडाची फार फटकळ. ती पोत्यावर टोपली ठेवायची आणि म्हणायची, “खायला काळ अन् नावेला भार.” सगळी नाव हसायची. वल्हीसुद्धा हसत असणार, अशी माझी खात्री होती.

त्यात मला दोन गोष्टी कळल्या आणि मी पुरता पेटलो. पहिली म्हणजे, फळीखाली एक कॅन होता आणि त्यात पाच लिटर डिझेल होतं. वास मला ओळखू येतो. डिझेल असून बुधा मला उपाशी ठेवत होता. आणि दुसरी याहून वाईट. रोज दुपारी नाव काठाला लागली की ठमाबाई वाटीत गरम तेल घेऊन यायची. करंजाचं तेल. ते लाकडाला लावतात हे मला माहीत होतं. पोत्याखालून मला दिसत काही नव्हतं, पण चोळल्याचा आवाज यायचा आणि ठमाबाई हळू आवाजात विचारायची, “इथं का? आनखी वर?” म्हणजे मला थेंब नाही आणि त्या दोन लाकडांना रोज तेलपाणी. कढत तेल, तेही बायकोच्या हातानं. मी मनात म्हटलं, मोडोत ही वल्ही एकदाची.

मित्रांनो, असं कुणाबद्दल म्हणू नये. मी म्हटलं, ते खरं आहे.

फाल्गुन महिना होता. बाजाराचा दिवस. दुपारी घोटीहून आलेल्यांनी परतीची नाव भरली. वीसेक माणसं, त्यांची गाठोडी, एक बोकड. ठमाबाईही बाजार करून आली होती. अर्ध्यावर आलो आणि समोरून वारा सुटला. नाव पुढं सरकेना.

नवसाबाईनं माझ्या पोत्यावर थाप मारली. “बुधा, ह्याला काय लोनच्यात मुरत ठेवलाय का? कर की चालू.”

“डिझेल लय म्हाग झालंय, मावशे,” बुधा वल्हं ओढत म्हणाला.

“आम्ही भात देतो का नाय? मग? चिंगूसपना करतो नुसता.”

बुधानं जोर लावून वल्हं ओढलं आणि त्याच वेळी त्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. वल्हं हातातून सुटलं. पाण्यात पडलं आणि लाटांवर दूर जायला लागलं. नाव आडवी फिरली आणि पाणी आत उडालं. गडबडीत माझं पोतं बाजूला सरकलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. बुधाचा उजवा हात खांद्यापासून खाली लोंबत होता. तो त्याला उचलता येत नव्हता.

“आरं, वल्हं गेलं,” कुणीतरी ओरडलं.

“जाऊ द्या वल्हं,” ठमाबाई म्हणाली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. “चार वर्षं ह्यांचा खांदा चोळतेय मी. रोज तेल कढवते. हात डोक्याच्या वर जात नाय. घोटीच्या डाक्टरनं सांगितलंय, वल्हं मारशील तर हात कामातनं जाईल.”

“ठमे, गप,” बुधा म्हणाला.

“लय दिस गप राह्यले.”

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, पण त्या वेळी मला जी लाज वाटली ती तुम्हाला सांगता येत नाही. तेल वल्ह्यांसाठी नव्हतंच. ज्याचा मी चार वर्षं हेवा केला, ते एका माणसाचं दुखणं होतं.

ठमाबाईनं फळीखालचा कॅन ओढला. बुधानं डाव्या हातानं तो धरला. “ते अडीनडीचं हाय. कुनाला सापाचं पान लागलं, कुनाची बाळंतीन अडली, तर वाडीनं काय करायचं?”

“आवं, आज अडीनडी म्हंजे तुमीच हाय,” ठमाबाई म्हणाली. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि कॅन माझ्या टाकीत ओतला.

तिनं कधी हँडल मारलेलं नव्हतं. तेरा वर्षं बघितलं मात्र होतं. वरची कळ दाबून तिनं हँडल फिरवलं, पण लवकर सोडलं. नुसता धूर निघाला. वारा नावेला खडकांकडे ढकलत होता. नवसाबाई टोपली टाकून उठली आणि तिनंही हँडलला हात घातला. एरवी मी पाच-सहा हँडल खाल्ल्याशिवाय तोंड उघडत नाही, हा माझा जुना माज. त्या दिवशी दुसऱ्या हँडलला सुरू झालो. नोझल चोंदलेलं होतं, पोटात कचरा होता, पण सगळ्यांना करंजवाडीच्या काठाला नेऊन लावलं.

काठाला लागल्यावर कुणी लगेच उतरलं नाही. नवसाबाई बुधासमोर उभी राहिली. “आमाला का नाय सांगितलंस रे?”

“बापानं सांगितलंय, हात पसरायचा नाय.”

“आमाला डोळे हायत. आमी तरी इचारायचं व्हतं,” ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

त्या आठवड्यात वाडीची चार माणसं पैसे घेऊन आली. बुधानं घेतले नाहीत. भात वाढवून देऊ म्हणाली, तर म्हणाला, “ठरलंय तेवढंच.” पुढच्या बाजारी नवसाबाई नावेत चढली, तेव्हा तिच्या कमरेला खोकल्याच्या औषधाची एक बाटली खोचलेली होती. ती सरळ माझ्याकडे आली, टाकीचं झाकण काढलं आणि बाटली ओतली. डिझेल.

“मावशे, मी तुज्याकडं काय मागितलं नाय,” बुधा म्हणाला.

“तुला कोन देतंय? मी भडभड्याला पाजतेय. तू तिकडं बघ.”

तेव्हापासून ही नवी रीत पडली. बाजाराला जाणारा येताना आपली बाटली भरून आणतो. औषधाची, सरबताची, खोबरेल तेलाची, जी हाताला लागेल ती. ऐपतीप्रमाणे कुणाची भरलेली, कुणाची तळाला. बुधा तिकडं बघतो आणि लोक आपल्या हातानं मला पाजतात. सायखेड्याच्या त्या मोटरला असं कुणी कधी पाजलं असेल का? आता डिझेल आणखी चढलं आहे. म्हणून लोकांनी वाहून गेलेल्या वल्ह्याच्या जागी नवं केलंय आणि वारा पडलेला असला की मला बंद करून ते स्वतःच पाळीपाळीनं वल्ही मारतात. हसतात, गाणी म्हणतात. तेव्हा मी अजून जळतो. खोटं कशाला बोलू? पण बुधा त्या वेळी माझ्या शेजारी बसलेला असतो, हात मांडीवर ठेवून, आणि ते मला चालतं.

मित्रांनो, माझी टाकी रिकामी झाली की मी खोकतो, काळा धूर सोडतो आणि भर पाण्यात बंद पडतो. साऱ्या वाडीला कळतं. बुधा चार वर्षं तसाच ओढत राहिला आणि एकदाही खोकला नाही. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. सगळ्यांनंतर जेवणारं, मला काही नको म्हणणारं. आज घरी गेलात की त्यांना विचारा, कुठं दुखतंय का म्हणून. ते नाही म्हणतील. तरी खांद्यावर हात ठेवून बघा.