दोष मनगटाचा नाही

सांगून ठेवते, पिस्तूल माह्या हातात अडकलं, पण माह्या हातानं अडकलं नाही. यात फरक आहे, अन् त्या दिवशी मी तो फरक सोडायले तयार नव्हती.

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. नागपूरच्या आमच्या नेमबाजी क्लबात राज्याच्या टीमची निवड सुरू होती अन् बायांची एकच जागा उरली होती. शेवटची फेरी, माह्या हातात क्लबचं जर्मन पिस्तूल, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच बाहेर काढलेलं. दुसरी गोळी सुटली अन् स्लाइड, म्हणजे गोळीमागं मागं-पुढं सरकणारा वरचा भाग, अर्ध्यातच अटकली. तिसरी काही केल्या सुटेना. नियमाप्रमाणं पिस्तूल समोर धरून मी डावा हात वर केला. खराबी पिस्तुलात असली तर फेरी पुन्हा मिळते. नेमबाजाची चूक असली तर उरलेल्या गोळ्या शून्य, म्हणजे माही टीम गेली.

क्लबचे सेक्रेटरी भैय्याजी पंचाच्याही आधी धावत आले. "मनगट ढिलं सोडलं हिनं!" सगळ्यांले ऐकू जाईन अशा आवाजात ते म्हणाले. "बायांच्या हाताले झटका सोसत नाही, म्हणून अटकलं. जर्मन चीज आहे ही, अशी नाही अडकत."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. क्लबात पिस्तुलं दोन. हे जर्मन, पुर्जा पुर्ज्याले असा चिपकून की मधात केस नाही जायचा. दुसरं देशी. रंग उडालेला, हलवलं की खडखडते, पण कोणतीही गोळी टाका, बिचारं खाऊन घेते. भैय्याजी जर्मनले जावयासारखं जपते अन् देशीले 'डब्बा' म्हणते.

"काहून जी, माहं मनगट ढिलं, तर तुमचं टणक असंन ना?" मी म्हटलं. "मारा मंग तुम्ही. सगळ्यांसमोर!"

पंच मधुकरराव गालात हसले. "मारा, भैय्याजी."

भैय्याजीनं बाह्या वर केल्या, स्लाइड ओढून मोकळी केली. पहिली गोळी सुटली अन् स्लाइड पुन्हा अर्ध्यात. मंग म्हणे, गोळ्याच सर्दल्या आहेत.

"त्याच खोक्यातल्या गोळ्या बाकीच्या पोरी देशीतून मारून राहिल्या," मी म्हटलं. "पिस्तूल उघडा."

मधुकररावांनी स्लाइड काढली. आत लाल-पिवळा चिखल! हळद, कुंकू अन् तेल, थेट नळीच्या तोंडापर्यंत.

शस्त्रपूजेच्या दिवशी भैय्याजीनंच स्लाइड मागं ओढून धरली होती. देवीचा आशीर्वाद आतपर्यंत पोचावा म्हणून चिमटीचिमटीनं हळद-कुंकू सोडलं, वरून तेल. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पूजेचं कुंकू लगेच पुसायचं नसते, म्हणून नंतर कोणी साफही केलं नाही. डब्ब्याच्या वाट्याले मात्र बाहेरून कुंकवाचं एक बोट अन् झेंडूचं फूल आलं होतं.

"बोभाटा नको करू वं," भैय्याजी हळूच म्हणाले. "पूजेचं कुंकू आहे. देवीले दोष देशीन का?"

"देवीले काहून देऊ? तुमाले देऊन राहिली!"

मधुकररावांनी फेरी पुन्हा दिली. भैय्याजी जर्मन पुसत बसले. मी डब्बा उचलला. खडखडला, तर खडखडू दे म्हटलं. गोळ्या एकामागं एक सुटल्या. शेवटची जरा कडेले गेली, पण पुरलं.

भैय्याजी माईकवर आले, "टीममधली शेवटची जागा, दामिनी," एवढं म्हटलं अन् टाळ्यांत खाली उतरायले लागले.

मी जाग्यावरून हालली नाही. "थांबा जी. मनगट ढिलं आहे हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हटलं. आता खरं काय ते बी सगळ्यांसमोरच सांगा."

त्यायनं मधुकररावांकडं पाहिलं. मधुकरराव छताकडं पाहत होते.

"चूक... म्हणजे पिस्तुलाची... माझी होती," भैय्याजी पुटपुटले.

"माईक तोंडाजवळ घ्या जी," मी म्हटलं. "मागच्या बायायले ऐकू नाही आलं."