आत्याच्या बाजूची कडी

रविवारी दुपारी दादाने हॉलमधला सोफा भिंतीला लावला, टीपॉय स्वयंपाकघरात हाकलला आणि फरशीवर निळ्या चिकटपट्टीने बोट काढली. म्हणजे अख्खी बोट नाही, बोटीतल्या दोन केबिन. सुट्टीत सहकुटुंब बोटीने फिरायला जायचं ठरलं होतं आणि केबिन आज पक्क्या करायच्या होत्या. दादाचं फरश्यांचं दुकान. माप घेतल्याशिवाय तो रुमालसुद्धा विकत घेत नाही, तर केबिन कुठून घेणार!

सहकुटुंब म्हणजे दादा, वहिनी, साडेतीन वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचा मुलगा आणि दादाची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या. मुलगी घरातल्या सगळ्यांना शिस्त लावते म्हणून तिचं नाव पडलं फौजदार. मुलगा ठेवाल तिथून गडगडत निघतो म्हणून तो भोपळा. आणि आत्या दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना ‘तोंड उघडा’ सांगणार आणि घरात मात्र स्वतः मिठाची गुळणी धरून बसणार.

‘तू हवीसच, तुझ्याशिवाय मजा नाही,’ असं दादा म्हणाला तेव्हा ती इतकी हरखली, की दवाखान्याच्या दारावर सुट्टीची पाटी तिने दुसऱ्याच दिवशी लावून टाकली. तिला फार काही नको होतं. एकदा तरी सकाळी डोळे उघडले की समोर कुणाचं तोंड नको, नुसतं पाणी दिसायला हवं. बस्स.

“हे बघा,” दादा हातात टेप घेऊन म्हणाला, “ही बाल्कनीवाली केबिन. झकास आहे, पण लहान मुलांना बाल्कनी धोक्याची. बरोबर?”

“बरोबर,” आत्या म्हणाली.

“ही आतली. खिडकी नाही, मिट्ट काळोख. मुलांना झोपायला एक नंबर. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे मुलं आतल्या केबिनमध्ये. आणि मुलांजवळ कुणीतरी मोठं माणूस हवंच.”

सगळं इतकं बरोबर होतं, की पुढचं वाक्य बोलायची गरजच उरली नाही. वहिनीने चहाचा कप पुढे केला. “वन्सं, तुमच्याशिवाय भोपळा कुणाकडे झोपतो तरी का?” एरवी वहिनी तिला अगं-तुगं करते. वन्सं म्हणाली की समजायचं, काम आहे.

कामापुरता मामा असतो हे आत्याने ऐकलं होतं. कामापुरती आत्याही असते हे तिला आज कळलं. झोंबलं चांगलंच. पण बोलेल तर शपथ! मुकाट्याने भोपळ्याला कडेवर घेतलं आणि आतल्या केबिनमध्ये शिरली.

“चला, रंगीत तालीम!” दादा ओरडला आणि वहिनीसकट बाल्कनीत, म्हणजे पट्टीपलीकडच्या दोन खुर्च्यांवर, पाय पसरून बसला.

फौजदाराने बोटीचा कारभार लगेच ताब्यात घेतला. “भिंतीतून जायचं नाही!” तिने बजावलं. भोपळा दोन भिंतींतून आरपार रांगत गेला. आत्या त्याच्यामागे धावली तर, “आत्या, दारातून!” दार होतं पार दुसऱ्या टोकाला. तिथून फिरून येईपर्यंत भोपळा केबिनच्या बाथरूममध्ये पोचून चिकटपट्टी सोलून खात होता. ती तोंडातून काढली तसं त्याने जे भोकाड पसरलं, की काही विचारू नका.

“वहिनी, दूध दे गं. बाटली तुझ्या बाजूला आहे.”

“अशी कशी मिळेल?” दादा बाल्कनीतून म्हणाला. “आपण वेगवेगळ्या मजल्यांवर आहोत. लिफ्टने ये.”

“लिफ्टने जा!” फौजदार म्हणाली.

आत्या लिफ्टने गेली. म्हणजे रडता भोपळा काखेत मारून सोफ्याला वळसा घालून गेली. दादा-वहिनी खो खो हसत होते. आत्याही हसली आणि बाटली घेऊन पुन्हा लिफ्टने निघाली.

परत येऊन ती चटईवर टेकली. फौजदार भिंती तपासत फिरत होती.

“आत्या, खिडकी कुठेय?”

“इथे नाही, बाळा.”

“मग समुद्र कुठेय?”

“बाबाच्या खोलीत.”

फौजदाराने कमरेवर हात ठेवले. ह्या घरात कुणी दंगा केला की त्याला पॅसेजच्या टोकाला, कपाटाशेजारी उभं करतात. तिथेही खिडकी नाही. त्या जागेची खडान्‌खडा माहिती फौजदाराइतकी कुणालाच नव्हती, कारण तिथे तिची वरचेवर बदली व्हायची. ती आत्याच्या कानाशी वाकली. आपण हळू बोलतोय असा तिचा समज होता, पण ऐकलं सगळ्या घराने.

“आत्या, तुला शिक्षा झालीय? तू काय केलंस?”

आत्या आधी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि मग इतक्या वर्षांची ती गुळणी एकदाची बाहेर पडली.

“दादा, मी काय केलंय रे? सहलीला बोलावलंस की कामाला? मलाही समुद्र बघायचाय. वाईट वाटलं मला. फार वाईट वाटलं.”

“अगं, पण तुला मुलं आवडतात म्हणून...”

“आवडतात! पेशंटही आवडतात. म्हणून त्यांना रात्री घरी झोपायला नेते का मी?”

दादा टेपची नुसती उघडझाप करत राहिला. शेवटी वहिनीच बोलली, आणि ह्या वेळी वन्सं नाही म्हणाली. “चुकलंच आमचं. खरं सांगू का तुला? मला ती बाल्कनी-बिल्कनी काही नकोय. भोपळा झाल्यापासून सलग झोप कशी असते तेच विसरलेय मी. म्हटलं, चार रात्री तू सांभाळशील.” आणि तिलाही रडू कोसळलं. ते बघून भोपळ्यानेही पुन्हा सूर लावला. बोटीवर एक फौजदार सोडली तर बाकी सगळे हवालदिल.

“मग सरळ सांगायचंस ना,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “लिफ्टने फिरून कशाला आलीस?”

दादाने गुपचूप बुकिंगवाल्या बाईंना फोन लावला. “शेजारशेजारच्या दोन घ्या की,” बाई म्हणाल्या. “दोन्हींना समुद्राकडे मोठी खिडकी. ती उघडत नाही, त्यामुळे मुलांची काळजी नाही. काळोख हवा तर जाड पडदा ओढा. आणि मध्ये दार.”

“बाल्कनी?” दादाने केविलवाण्या आवाजात विचारलं.

“बाल्कनी नाही.”

आत्याने फोन आपल्याकडे ओढला. “बाई, मधल्या दाराची कडी कुणाच्या बाजूला?”

“दारं दोन असतात मॅडम, पाठीला पाठ लावून. ज्याची कडी त्याच्या बाजूला. तुम्ही लावलीत तर पलीकडून उघडत नाही.”

“ह्याच द्या,” आत्या म्हणाली. दादाला विचारलंसुद्धा नाही.

दादाने जड अंतःकरणाने बाल्कनी सोलून काढली आणि पट्ट्या नव्याने चिकटवल्या. पुन्हा तालीम सुरू झाली. आत्या आपल्या केबिनमध्ये आडवी झाली. तिच्या वाट्याला हॉलची खरी खिडकी आली होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची गच्ची आणि वर नुसतं आभाळ. निळं तर होतं. तिने तेवढ्यावर भागवलं.

थोड्या वेळाने पट्टीशी आवाज आला. “टकटक.”

“कोण आहे?”

“मी. आणि बाबा, आणि भोपळा. आई झोपली.”

आत्याने मान वळवली. पलीकडे वहिनी उशीसुद्धा न घेता, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दादा भोपळ्याला खांद्यावर घेऊन पट्टीशी उभा होता. एक पाऊल टाकलं असतं की आत. पण टाकलं नाही त्याने.

“येऊ का गं?” त्याने विचारलं.

आत्या लगेच उठली नाही. कडी आपल्या बाजूला असली की माणसाला घाई नसते. मग सावकाश उठली आणि हवेत हात घालून तिने कडी काढली.

“या,” ती म्हणाली, “पण खिडकीकडची जागा माझी.”