सोमवारचे मासे

कारखान्याच्या फाटकाशीच काचेची मोठी टाकी होती. शुद्ध केलेलं सांडपाणी नाल्यात सोडण्याआधी तिच्यातून फिरवून नेत, आणि त्या पाण्यात नारिंगी मासे मजेत पोहत. पाहुणे आले की मॅनेजर काचेवर टिचकी मारून म्हणायचे, "हे बघा आमच्या पाण्याचं सर्टिफिकेट!" पाहुणे खूश.

या सर्टिफिकेटची देखभाल केमिस्टकडे होती. कारखाना कापडाला पाणी ठरू न देणारा लेप द्यायचा. त्यातलं रसायन एकदा पाण्यात गेलं की कुजत नाही, विरत नाही. मासाही त्यानं लगेच मरत नाही. ते गुपचूप त्याच्या अंगात साठत राहतं. कोळशाचा फिल्टर वेळेवर बदलला तर बरंचसं अडकतं, पण ते काम कधीचं लांबणीवर पडलं होतं. बदलले जायचे ते मासे. दर सोमवारी पाळी सुरू होण्याआधी केमिस्ट दुकानातून आणलेले ताजेतवाने मासे टाकीत सोडायचा आणि जुने, मलूल दिसायला लागायच्या आत, काढून न्यायचा. सगळे एकाच रंगाचे, ओळखतंय कोण! पहिल्यांदा त्यानं ते चोरासारखं, इकडेतिकडे बघत केलं होतं. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही होते.

त्या सोमवारी मासे बदलून तो हात पुसतोय, तोच थोरली बहीण फाटकातून आत आली. हातात झाकलेली बादली. नाल्याच्या खालच्या अंगाला तिची तळी होती. माशांची पिल्लं वाढवून ती विकायची. गेल्या वर्षी ही टाकी डोळ्यांनी बघून गेली, आणि तेव्हापासून विहीर सोडून तिनं बेधडक नाल्याचं पाणी तळ्यांत घेतलं होतं. हे केमिस्टला ठाऊक होतं. तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

"प्रोफेसर, बघ रे जरा," ती म्हणाली. घरात त्याचं हेच नाव. "माद्या अंडी घालतात, पण पिल्लंच निघत नाहीत. निघालीच तर वाकडी. खाद्य बदललं, तळी घासून काढली. माझंच कुठंतरी चुकतंय."

"बादलीत काय आहे?"

"शेवटच्या दोन धडधाकट माद्या. थोडे दिवस तुझ्या टाकीत राहू देत. तुझे मासे कसे ठणठणीत आहेत बघ!"

तिनं बादली कलती केली. त्यानं झटकन कड धरली.

"नको, ताई."

"का रे? भांडतील?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणीच वाईट आहे. नाल्याचंही. हे मासे आज सकाळचे आहेत. मी दर सोमवारी बदलतो."

तिची जीभ भारी तिखट. आता आपली सालटी निघणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं," ती हळूच म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. डोक्यावरचं ओझं उतरावं तशी ती सुटली होती, आणि ते ओझं वर्षभर तिच्या डोक्यावर त्यानंच राहू दिलं होतं. शिव्या परवडल्या असत्या.

त्यानं जाऊन नाल्याकडची झडप बंद केली. मॅनेजर धावत आले.

"अरे, हे काय चालवलंयस?"

"फिल्टर बदलल्याशिवाय उघडणार नाही."

"दुपारी पाहुणे येतायत! त्यांना काय सांगू?"

"आत्ता मी हिला सांगितलं तेच," केमिस्ट म्हणाला. बहीण बादली घेऊन शेजारीच उभी होती; तिच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.