उनाइसीचा खाऊ

उनाइसी आणि मी फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात एकाच वर्गात होतो, वसतिगृहात एकाच खोलीत. रसायनशास्त्रात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर शिष्यवृत्ती गेली असती आणि तिला थेट कंदावू बेटावर घरी जावं लागलं असतं. दर शनिवारी तिची आत्या नौसोरीहून डबाभर वाकालोलो आणायची, साबुकंद-नारळाचा, पानात उकडलेला. उनाइसीने तो डबा माझ्या कपाटात ठेवला.

"मकेरेता, एक धडा झाला की एक द्यायचा. माझ्या हातात असला की पहिल्या पानालाच फस्त होतो. मी रडले तरी देऊ नकोस हं."

महिनाभर छान चाललं. मग चाचणीत तिला चौऱ्याहत्तर पडले, मला एकसष्ट.

त्या संध्याकाळी धडा मिटून तिने हात पुढे केला.

"आधी तोंडी सांग," मी म्हटलं.

एका समीकरणाला ती अडखळली. मी डब्यातल्या एका वाकालोलोचं पान सोडलं आणि तिच्यासमोर बसून तो सगळा खाल्ला.

ती हसली. "बरोबरच आहे गं, माझंच चुकलं."

ती चिडली नाही म्हणून मला आणखी चेव आला. मी पुढच्या वर्षाच्या पुस्तकातले प्रश्न विचारू लागले. शेजारच्या खोलीतल्या मुली गंमत बघायला यायच्या. "बाईसाहेब, आज पण उपास का?" असं विचारून तिच्याच डब्यातलं खायच्या. उनाइसी खाली मान घालून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची.

परीक्षेत ती वर्गात तिसरी आली. आत्या परात भरून घेऊन आली, तिला मिठी मारून रडली. "खा गं पोरी, तुझ्या कष्टाचं आहे."

उनाइसीने एक तुकडा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "खाऊ?"

आत्याला वाटलं, मुली चेष्टा करताहेत. मी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं.

"थांब," मी म्हटलं.

तिने तुकडा परातीत परत ठेवला.

पुढच्या सत्रासाठी तिने वसतिगृहाच्या अर्जात खोलीतली सोबतीण म्हणून माझंच नाव लिहिलं. मी दुसऱ्याच मुलीचं लिहिलं होतं. नव्या खोलीत तिने तीन आठवडे पुस्तक उघडलं नाही म्हणे. दोनदा ती वही घेऊन माझ्या दाराशी आली.

"काहीतरी विचार ना गं. काहीही."

"मला वेळ नाही."

सप्टेंबरात ती सगळं सामान बांधून बोटीने कंदावूला घरी गेली. त्या सत्रात मला रसायनशास्त्रात अठ्ठ्याहत्तर पडले.