मधोमध बसलेली बाई

ऐका ना, आधी मला सगळं सांगू द्या, मध्ये तोंड घालू नका. आणि "तुझंच चुकलं" असं तर अजिबात म्हणू नका, ते आमच्या घरात सगळ्यांचं म्हणून झालंय, अगदी भांडीवाल्या मावशींचंसुद्धा.

मामाचं दुकान तुम्हाला माहितीच आहे. गाड्यांचे साउंड. शटरवर वूफर रंगवलाय, तो लांबून परातीसारखा दिसतो. आत गाड्या दारं उघडी टाकून उभ्या, खाली वायरींची भेंडोळी, काउंटरवर स्क्रूंनी भरलेल्या बरण्यांची रांग. मी तिथे मामाच्या हाताखाली शिकते आणि दादाही शिकतो. दादा म्हणजे मामाचा मुलगा. मामा मला पिपाणी म्हणतो. का ते तुम्हीच सांगा, हसा, हसून घ्या.

आता लोकांना वाटतं डेक लावला, दारात स्पीकर बसवले, झालं काम. नाही हो! खरं काम तिथून पुढे. गाडीत तुम्ही मधोमध बसता का? नाही. एक दार मांडीला चिकटलेलं, दुसरं तिकडे लांब. मग जवळचा स्पीकर कानात ओरडतो आणि लांबचा कुठेतरी कण्हतो. म्हणून जवळच्याचा आवाज थोडा कमी करायचा, तो किंचित उशिरा सोडायचा, म्हणजे दोन्हीकडचं एकदम कानावर येतं. ते जमलं की गंमत होते. मामाकडे त्यासाठी एकच रेकॉर्डिंग आहे. एक बाई गाते आणि मागे एक बासरी, बस. डोळे मिटून ऐकायचं. सगळं नीट लागलं असेल तर ती बाई समोरच्या काचेत, डॅशबोर्डच्या वर, मधोमध बसलेली दिसते. खरंच दिसते! मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला होता. मामा म्हणतो, "बाई मधोमध बसली पाहिजे. दारात बसली तर गिऱ्हाइकाला पैसे परत द्या आणि हात जोडा."

म्हणून आमच्या दुकानात शेवटी ड्रायव्हरच्या सीटवर एकच माणूस बसतो. मामा. मीटर नाही, माइक नाही, लॅपटॉप नाही. कान. तो बसतो, सीटखालच्या ॲम्पची बारीक बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवतो, आणि मनासारखं झालं की प्रत्येक बटणावर मामीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका लावतो. लाल. म्हणजे सील. धक्क्याने बटण हलायला नको, आणि कुणी हात लावला तर कळायला हवं. ठिपका लागला की ब्रह्मदेव आला तरी बटण फिरवायचं नाही. मग मामा जेवायला घरी जातो, वामकुक्षी करतो, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक येऊन गाडी घेऊन जातं.

आणि त्याला ना, सतत विचारायची सवय. "कसंय गं?" चहा केला की कसंय, केस कापले की कसंय, बोर्ड रंगवला की कसंय. आणि मी म्हणणार, "भारी, मामा." लहानपणापासून हेच. तो आमचा खेळच होता म्हणा ना.

तर गेल्या वर्षी काय झालं, आमच्याकडे एक फिटर होता, त्याला सगळे खिळा म्हणायचे. अंगाने तसाच आणि बोलायलाही तसाच, कुठेही टोचेल. एका गाडीत मामाने ठिपके लावले, गिऱ्हाईक शेजारी उभं, आणि हा खिळा डोकं आत घालून म्हणतो, "काका, वरचा आवाज टोचतोय. बासरी दातावर येतेय. तुम्ही कान तपासून घ्या."

गिऱ्हाइकासमोर! मामाच्या दुकानात, मामाच्या कानाबद्दल! दादाने त्याची कॉलरच धरली. मी पण म्हटलं, "आधी स्वतःचं तोंड तपासून घे." उद्यापासून येऊ नकोस म्हणून दादाने सांगितलं. मामा? तो नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण लावत बसला, ते लागतच नव्हतं.

पण खरं सांगू का? टोचत होतं. त्या गाडीत मी नंतर बसले, बासरी नव्हतीच ती, कुकरची शिट्टी होती. त्यानंतरच्या गाडीतही तेच. मामाला वरचे सूर ऐकू येत नव्हते म्हणून तो ते वाढवत सुटला होता. आता तुम्ही सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर कानावर भाकरी खाल्ली त्याला जाऊन कुणी सांगायचं, की बाबा रे, कान गेला? कुठल्या तोंडाने? दादा म्हणाला, "मी नाही सांगणार." मी म्हटलं, "मी तर मुळीच नाही."

मग आम्ही काय केलं, मामा जेवायला गेला की शटर अर्धं खाली ओढायचं. मी रिमूव्हरने ठिपके पुसायचे, दादाने ट्विटरचा, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरचा, आवाज उतरवायचा, मी सीटवर बसून बाई बघायची, "अजून थोडं, अजून थोडं, हां, थांब," आणि मग परत नेलपॉलिश. तीच शेड, तोच ठिपका, मामा लावतो तसा थोडा डावीकडे ओघळलेला. मी तर इतकी पटाईत झाले होते की मामालाही तसा जमला नसता. मामा यायचा, गिऱ्हाईक बसायचं, "वा, काय कान आहे साहेब तुमचा!" म्हणायचं, मामा मान डोलवायचा. कुणाचं काय बिघडलं? सांगा ना, कुणाचं बिघडलं?

आणि मागच्या महिन्यात जेवताना मामा म्हणाला, "आता पुरे झालं. ठिपके लावायची ती शेवटची सीट मी सोडणार आहे. बसणार कोण, ते मी ठरवीन."

माझा घास तसाच राहिला. दादाचाही. तुम्हाला माहितीये मला ती सीट किती हवी होती? दादाला काय, त्याला माइक लावून लॅपटॉपवर आवाजाच्या रेघा बघायच्यात, तो कुठेही बघेल. मला कानाने लावायचंय. मला बाई दिसते! आणि वर्षभर प्रत्येक गाडीत खरी शेवटची मीच तर बसत होते. मी मनात म्हटलं, झालं, आपलीच. मामी पण माझ्याकडे बघून गालात हसली.

मग मामाने स्वतःची जुनी गाडी आत घेतली. सगळं नवं बसवायला काढलं आणि म्हणाला, मी एकटा करणार, कुणी मध्ये यायचं नाही. दिवसभर एकटाच दारं उचकटत, वायरी ओढत बसला. चहासुद्धा बाहेरून द्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी हाक मारली, "पिपाणे, ये, बस."

मी ड्रायव्हरच्या सीटवर, तो शेजारी. त्याने बाई लावली. मी डोळे मिटले.

अरे, बाईच नाही! म्हणजे आवाज आहे, पण बाई कुठेच नाही. कानामागे, छतावर, मागच्या सीटवर, धुक्यासारखी पसरलेली. आणि खालचा आवाज पार गेलेला, पोटातलं काढून घेतल्यासारखा. हे काय असतं माहितीये? एका दाराच्या वायरी उलट्या. प्लस-मायनस उलटं. एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, दोघं मिळून एकमेकांना खाऊन टाकतात. ही चूक शिकाऊ पोरगं पहिल्या आठवड्यात करतं आणि मामाची टपली खातं. मी खाल्लीय. आणि इथे मामाने स्वतः केली होती, स्वतःच्या गाडीत!

मला इतकं वाईट वाटलं ना. म्हटलं, वरचे सूर जाऊ देत, याला आता हेही ऐकू येत नाही. डोळे उघडले तर मामा समोर काचेकडे बघत बसलेला, हात मांडीवर.

"कसंय गं?"

मी म्हटलं, "भारी, मामा. नेहमीसारखं."

"नीट ऐक. घाई नाही."

"ऐकलं ना. एकदम भारी."

"बाई दिसली?"

आता काय म्हणणार? म्हटलं, "मधोमध."

मग दादा बसला. त्याचं तर झटक्यात झालं, तो म्हणाला, "बाबा, कडक," आणि लगेच उतरला. मामाने शांतपणे ठिपके लावले, फुंकर घातली, आणि जेवायला गेला.

आम्ही नेहमीसारखे लागलो कामाला. दाराचं पॅनल उचकटताना एक क्लिप तुटली, दादाने मला शिव्या घातल्या, मी त्याला. वायरी सुलट केल्या, ट्विटर उतरवले, ठिपके लावले. मी बसले. बाई आली. मधोमध. मी मामासाठी इतकं मन लावून कुठल्याच गाडीत केलं नव्हतं, देवाशप्पथ.

मामा त्या दिवशी झोपला नाही. लगेच परत आला. सीटवर बसला, बाई लावली, डोळे मिटून पूर्ण ऐकली, बंद केली. मग म्हणाला, "जेवायला गेलो तेव्हा ही बाई गाडीत नव्हती. आता मधोमध बसलीय. कुणी आणली?"

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकून वाजत होता.

"दार मी मुद्दाम उलटं जोडलं होतं," मामा म्हणाला. "वरचे सूर गेलेत माझे. खिळा बोलला त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. खालचे शाबूत आहेत. म्हटलं, बघू, पोरं कधी सांगतात. रोज जेवून यायचो तर दुकानात मामीच्या आरशासमोरचा तो रिमूव्हरचा वास. अरे, कान गेलाय, नाक नाही गेलेलं! वर्षभर वाट बघितली मी."

दादा म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच असतं. संध्याकाळपर्यंत वाटलं असतं. मग मी तिला सीटवर बसवून तिचे कान वापरले असते ना!" माझ्याकडे बोट होतं. "काय गं, कान आहे तुझ्याकडे. माझ्यापेक्षा चांगला आहे. उपयोग काय त्याचा? आत जातं ते बाहेर कुठे येतं तुझ्या?"

मी रडायला लागले. म्हटलं, "मामा, मी तुझं मन राखायला केलं रे."

"राखलंस ना मन. सीट राखायची असते ती ज्याला नाही म्हणता येतं त्याने."

आणि मग त्याने काय केलं असेल? समोरच्या गल्लीत खिळा हल्ली गाड्यांचे हॉर्न बसवतो. मामा स्वतः चालत गेला आणि त्याला घेऊन आला. खिळा आला तसा चिखलाच्या बुटांनी सीटवर बसला. ऐकलं. मी श्वास रोखून उभी, कारण ते माझं काम होतं, आणि ते चांगलं होतं.

"कसंय रे?"

"वायरिंग बरंय. वरचं अजून किंचित टोचतंय, काका. आणि या दाराची क्लिप कुणी तोडली? खडखडतंय."

खडखडत होतं. मला ऐकूच आलं नव्हतं, किंवा आलं असेल, आता काय सांगू.

मामा हसला. वर्षभरात तसा हसलेला मी पाहिला नव्हता. नेलपॉलिशची बाटली त्याने खिळ्याच्या हातात दिली, बस. दादाने दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला घेतली. मी राहिलेय. दारं उचकटते, वायरी ओढते, खिळ्याला पाना देते. तो मला "ए पिपाणी" म्हणतो आणि कुणी त्याची कॉलर धरत नाही.

मामा दुकानात येतो, स्टुलावर बसतो. वाईट वागत नाही हां, जेवलीस का विचारतो, घरी सोडतो. फक्त मला "कसंय गं" विचारत नाही. चहाबद्दलसुद्धा नाही. रस्त्यावरच्या माणसाला विचारेल, मला नाही.

आज सकाळी तो नवा शर्ट घालून आला, आणि गुंडी चुकलेली, एक बाजू वर, एक खाली. मी म्हटलं, आता बोलायचं. अगदी धीर करून गेले आणि तोंडावर सांगितलं, "मामा, गुंडी चुकलीय तुझी."

त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावरून हाक मारली, "खिळ्या, इकडे ये रे जरा. खरंच चुकलीय का गुंडी?"